गेलेल्यांचा जमाखर्च

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत एक पान ठरलेलं असतं. ‘यांना आपण मुकलो’ अशा धाटणीचा मथळा, टपाल तिकिटाएवढ्या चौकटींत पंचवीस-तीस चेहरे, खाली नाव, तारीख आणि चार शब्दांची ओळख. २०२५ साली या पानाला जागा पुरणं कठीण होतं. जयंत नारळीकर, मारुती चितमपल्ली, पद्माकर शिवलकर, पंडित प्रभाकर कारेकर, संध्या, बाळ कर्वे, दया डोंगरे, धर्मेंद्र, असरानी, सतीश शहा, बाबा आढाव, राम सुतार, शिवराज पाटील चाकूरकर. यादी इथे थांबत नाही. एवढी माणसं एका पानावर शेजारी शेजारी बसवली की प्रत्येकाच्या वाट्याला फार तर दोन वाक्यं येतात आणि ती वाक्यंही साधारण तीच असतात: एक पर्व संपलं, न भरून येणारी पोकळी, अष्टपैलू व्यक्तिमत्त्व. पोकळी कशाची, ती का भरणार नाही, आधी तिथे काय होतं, हे वाचकाने आपलं आपण समजून घ्यायचं.

मराठीत गेलेल्या माणसांवर लिहिण्याची परंपरा मोठी आहे, श्रीमंतही आहे. पण ती गुणगौरवाकडे इतकी कलली आहे की ज्याचा गौरव होतो त्याचंच काम त्याखाली झाकलं जातं. एखाद्याला मानायचं, तर त्याने काय केलं, कुठे तो हरला, कशावर वाद झाला आणि कोणतं काम अर्ध्यावर राहिलं, याची नोंद घ्यावी लागते. ती घेण्यासाठी वर्षअखेरीइतकी सोयीची वेळ दुसरी नाही. मृत्यूच्या दिवशीची घाई सरलेली असते, आणि चरित्रकार यायला अजून वीस वर्षं असतात. मराठीत बहुतेकांच्या नशिबी तोही येत नाही.

ही परंपरा सुरुवातीपासून एकसुरी होती असं मात्र नाही. गोपाळ गणेश आगरकर हे ‘केसरी’चे पहिले संपादक. टिळकांशी बिनसल्यावर ते बाहेर पडले आणि त्यांनी ‘सुधारक’ काढलं. १८९५च्या जूनमध्ये, चाळिशीही गाठण्याआधी ते गेले, तेव्हा टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर लिहिलं. १९०१ साली न्यायमूर्ती रानडे गेले. त्यांच्याशी तर टिळकांचं आयुष्यभराचं भांडण, तरी ‘केसरी’ने त्यांच्या कार्याचं मोठेपण मोकळेपणाने मांडलं. विरोधकाचं माप घेताना हात आखडायचा नाही, ही त्या काळातल्या पत्रकारितेची शिस्त होती. त्याच शिस्तीची मर्यादाही त्याच पत्रात दिसते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यातच महात्मा जोतीराव फुले गेले आणि ‘केसरी’ने त्याची दखलही घेतली नाही, असा आक्षेप अभ्यासकांनी नोंदवलेला आहे. म्हणजे प्रश्नाचे दोन्ही पदर शंभर वर्षांपूर्वीच उघडे पडले होते. गेलेल्या माणसाबद्दल काय लिहायचं हा एक. आणि कोणाबद्दल लिहायचंच नाही हा दुसरा. पहिल्यावर आपण बरंच बोलतो. दुसऱ्यावर बोलायचं तर यादी करणाऱ्याकडे बोट दाखवावं लागतं.

पुढे आचार्य अत्रे आले आणि मृत्युलेख हा मराठीत स्वतंत्र वाङ्मयप्रकार झाला. ‘समाधीवरील अश्रू’ हे त्यांच्या अशा लेखांचं पुस्तक. हयातीत ज्यांच्यावर तुटून पडले त्यांच्यावरही अत्रे तितक्याच आवेगाने रडले, आणि वाचकही त्यांच्याबरोबर रडला. त्यानंतर गोविंद तळवलकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मधून जे लिहिलं त्याची जात वेगळी. तिथे अश्रू कमी आणि वाचन जास्त. माणूस कोणत्या विचारातून घडला, त्याने कोणते निर्णय घेतले, ते कितपत टिकले, याची संयत तपासणी त्यांच्या लेखांत असते. ‘पुष्पांजली’त ते लेख एकत्र वाचायला मिळतात. या दोन वाटांपैकी मराठीने सार्वत्रिक उचलली ती अत्र्यांची, आणि तीही त्यांच्या प्रतिभेशिवाय. आवेग तेवढा उरला. आज चौकाचौकातल्या फ्लेक्सवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलेलं असतं, वर दिवंगताचा फोटो आणि खाली त्याच्या फोटोपेक्षा मोठ्या आकारात श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो. लेखांतही हल्ली तसंच होऊ लागलं आहे. ‘त्यांची-माझी पहिली भेट’ इथून सुरू झालेला लेख पुष्कळदा त्या भेटीतच संपतो.

त्यात आता वेगाची भर पडली आहे. २०२५च्या ११ नोव्हेंबरला सकाळी अभिनेते धर्मेंद्र गेल्याची बातमी वाहिन्यांवर आणि संकेतस्थळांवर झळकली, श्रद्धांजल्यांचा पूर आला, आणि काही वेळात घरच्यांनी सांगितलं की ते उपचार घेत आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांना रुग्णालयातून घरी नेण्यात आलं. ते गेले २४ नोव्हेंबरला, नव्वदी पूर्ण व्हायला दोन आठवडे असताना. जिवंत माणसाचा मृत्युलेख वाचकांपर्यंत पोचतो याचा अर्थ तो मजकूर आधीच तयार होता. तयार असण्यात गैर काही नाही. जगभरची मोठी वृत्तपत्रं नव्वदीतल्या मोठ्या माणसांचे लेख लिहून ठेवतात. फरक इतकाच की तिथे तो वेळ तपासणीसाठी वापरला जातो, इथे पहिला नंबर लावण्यासाठी. असरानींनी याच्या उलट टोक गाठलं. २० ऑक्टोबरला, दिवाळीत, ते गेले; अंत्यसंस्कार उरकले आणि मगच बातमी बाहेर आली. तशी त्यांचीच इच्छा होती. कॅमेऱ्यांनी भरलेल्या स्मशानांच्या काळात एका विनोदी नटाने आपल्या शेवटच्या प्रवेशाला प्रेक्षक नाकारले, हे त्यांच्या कुठल्याही भूमिकेइतकंच लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पण नुसत्या वेगाला दोष देऊन भागत नाही. सावकाश लिहिलेल्या लेखांतही नेमकं काय निसटतं, हे पाहायला जयंत नारळीकरांसारखं उदाहरण नाही. २० मे रोजी पुण्यात ते गेले, वय ८६. त्यांची ओळख सगळ्यांना पाठ आहे: कोल्हापूरचा जन्म, बनारसचं बालपण, केंब्रिज, फ्रेड हॉइल, १९६५ साली सत्ताविशीच्या आत पद्मभूषण, पुण्यातल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेची स्थापना, विज्ञानकथा, ‘चार नगरांतले माझे विश्व’ला साहित्य अकादमी, २०२१च्या नाशिक साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. हे सगळं खरं आहे. पण वैज्ञानिक म्हणून त्यांच्या आयुष्याचा कणा होता तो एक मतभेद, आणि या ओळखीत त्याला सहसा जागा मिळत नाही. विश्वाला सुरुवात नाही, ते प्रसरण पावतं आणि त्यात नवं द्रव्य निर्माण होत राहतं, हा स्थिर स्थिती सिद्धांत हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ साली मांडला. नारळीकर त्या बाजूने उभे राहिले. १९६४मध्ये हॉइल-नारळीकर गुरुत्वाकर्षण सिद्धांत जाहीर झाला आणि भारतात त्यांचं नाव घराघरांत पोचलं. पुढच्याच वर्षी, म्हणजे ज्या वर्षी इथे पद्मभूषण मिळालं त्याच वर्षी, अवकाशात सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणाचा पेन्झिआस आणि विल्सन यांचा शोध प्रसिद्ध झाला आणि जगातले बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ साली हॉइल आणि बर्बिज यांच्यासोबत त्यांनी सिद्धांताची सुधारित आवृत्ती मांडली. तीही मुख्य प्रवाहाने स्वीकारली नाही.

आता हे सांगणं म्हणजे नारळीकरांचा अपमान आहे का? मला वाटतं, न सांगणं हाच अपमान. चाळीस-पन्नास वर्षं अल्पमतात राहून, पुरावे मांडत, टीकेला गणिताने उत्तर देत, एकदाही आरडाओरडा न करता काम करणारा वैज्ञानिक आपल्या भाषेत होऊन गेला. विज्ञानात हरणं म्हणजे काय आणि ते कसं हरावं, याचा याहून चांगला धडा मराठी मुलांना मिळणार नाही. शिवाय त्यांच्या दुसऱ्या कामाचा अर्थही यातूनच उलगडतो. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली: निम्म्या हुशार मुलांच्या आणि निम्म्या मतिमंद मुलांच्या मिळून दोनशे कुंडल्या, चाचणी पूर्ण करणारे २७ ज्योतिषी, प्रत्येकाला चाळीस पत्रिका. बरोबर उत्तरांचं प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास निघालं. नाणं उडवलं असतं तरी याहून वाईट झालं नसतं. ज्याने स्वतःच्या लाडक्या सिद्धांतावर आयुष्यभर पुराव्याची कसोटी सोसली, त्याला ज्योतिषाकडे तीच मागणी करण्याचा अधिकार होता. ‘महान खगोलशास्त्रज्ञ’ या दोन शब्दांत ही बाजू येत नाही. शासकीय इतमामातही ती दिसत नाही.

पद्माकर शिवलकरांच्या बाबतीत उलटं घडलं. ३ मार्चला ते गेले आणि सर्वत्र एकच वाक्य उमटलं: भारतासाठी कसोटी न खेळलेला महान फिरकीपटू. वाक्य खरं आहे, पण त्याने गेली पन्नास वर्षं त्यांची गोलंदाजी झाकून ठेवली आहे. इथे कौतुकाची जागा हळहळीने घेतली, एवढाच फरक. १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी, सरासरी वीसच्या खाली. १९७२-७३च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तमिळनाडूने आपल्या वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार या फिरकी जोडीला साजेशी खेळपट्टी केली होती. मुंबईचे डाव १५१ आणि ११३वर आटोपले. तमिळनाडू ८० आणि ६१. शिवलकरांचे आकडे पहिल्या डावात १६ धावांत आठ, दुसऱ्यात १८ धावांत पाच. तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर सामना संपला आणि मुंबईचं सलग पंधरावं अजिंक्यपद नक्की झालं. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात यजमान कसे पडले याची गोष्ट म्हणून हा सामना सांगितला जातो. शिवलकरांची टप्प्यावरची हुकमत, एकाच जागी तासन् तास चेंडू टाकून फलंदाजाला चूक करायला लावण्याची चिकाटी, हे तिचं खरं सूत्र आहे. त्या काळात भारतीय संघात डावखुऱ्या फिरकीची एक जागा होती आणि ती बिशनसिंग बेदींनी ६७ कसोटींत २६६ बळी घेऊन राखली. शिवलकर आणि हरियाणाचे राजिंदर गोयल हे दोघे त्या एका जागेच्या बाहेर राहिले. यात अन्याय किती आणि योगायोग किती, हा वाद घालता येईल. पण कुणी ‘दुर्दैवी’ म्हटलं की वाद मिटतो आणि माणूसही मिटतो. सुनील गावसकरांनी ‘आयडॉल्स’ या पुस्तकात या दोघांना स्थान दिलं होतं, ते सहानुभूतीपोटी नव्हे.

८ डिसेंबरला गेलेल्या बाबा आढावांवर नंतर लिहिलेलं वाचताना वेगळीच अडचण जाणवते. वय ९५, सत्तर वर्षं सार्वजनिक काम. सगळ्या पक्षांचे नेते त्यांच्याबद्दल भरभरून बोलले. ज्या माणसाने जवळपास प्रत्येक सरकारविरुद्ध उपोषण केलं त्याच्याबद्दल सगळ्याच पक्षांना सारखाच आदर वाटतो, हे थोडं संशयास्पद मानलं पाहिजे. ‘कष्टकऱ्यांचा आधारवड’ म्हटलं की त्यांनी नेमकं काय मागितलं ते सांगावं लागत नाही. त्यांनी मागितलं ते फार नेमकं होतं. पुण्यातल्या हमालांची संघटना बांधून त्यांनी ओझं वाहणाऱ्याच्या पाठीला कायद्याचा आधार मागितला. पुण्याची हमाल पंचायत आणि मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली माथाडींची चळवळ, या रेट्यातून १९६९चा माथाडी कायदा आला. ज्याला कायमचा मालक नाही अशा मजुराची मंडळाकडे नोंदणी, मजुरी मंडळामार्फत, आणि मजुरीवर मालकाने भरायच्या ठरावीक टक्क्यांतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा. असंघटित कामगाराला सामाजिक सुरक्षा द्यायची कशी, हा प्रश्न आज घरपोच सामान आणणाऱ्या तरुणांच्या निमित्ताने देशभर चघळला जातो. त्याचं एक चालतं उत्तर मराठी मुलखाने अर्धशतकापूर्वी शोधलं होतं. त्या उत्तराला पुढे कीडही लागली. माथाडीच्या नावाने खंडणी उकळणाऱ्या टोळ्या उभ्या राहिल्या, आणि त्याकडे बोट दाखवून मूळ कायदाच पातळ करू पाहणारेही निघाले. आढावांचं मूल्यमापन करायचं तर या तिन्ही गोष्टी एकत्र मांडाव्या लागतील. १९७२च्या सुमारास सुरू झालेल्या ‘एक गाव, एक पाणवठा’ मोहिमेत त्यांनी गावोगाव हिंडून दलितांचं पाणी कुठे वेगळं आहे याची पाहणी केली. त्यांच्या निधनानंतर निदान एका जिल्ह्यात तशी पाहणी पुन्हा करू, असं एखाद्या श्रद्धांजली वाहणाऱ्या मंत्र्याने म्हटलं असतं तर ती श्रद्धांजली त्यांना पटली असती. नोव्हेंबर २०२४मध्ये, ९४व्या वर्षी, निवडणुकीतल्या गैरप्रकारांच्या आरोपांवरून ते फुलेवाड्यात आत्मक्लेश उपोषणाला बसले होते. त्यांचा तो मुद्दा पटो न पटो, त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या टप्प्याचा तो भाग आहे, आणि सर्वपक्षीय शोकसंदेशांत तो सोयीने गळतो.

वनाधिकारी आणि निसर्गलेखक मारुती चितमपल्लींना मात्र एक दुर्मिळ गोष्ट हयातीत मिळाली. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्र सरकारने २०२०पासून ‘पक्षी सप्ताह’ म्हणून ठरवला. या आठवड्यात मुलं दुर्बीण घेऊन तलावावर जातात. पुतळ्यापेक्षा हे किती तरी बरं. (राम सुतारांवरही याच वर्षी लिहावं लागलं. १८२ मीटरचा सरदार पटेल घडवणारे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे हे शिल्पकार वयाची शंभरी ओलांडून गेले. इतरांच्या स्मृतीला आकार देण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याची स्वतःची ओळख मात्र पुतळ्याच्या उंचीवर येऊन थांबली.) चितमपल्लींचं काम जपायचं तर त्यांच्या पुस्तकांचं टिपांसह संपादन व्हायला हवं. त्यांच्या लेखनात वनाधिकाऱ्याची निरीक्षणं, आदिवासींकडून मिळालेलं ज्ञान आणि लोककथा एकमेकांत विरघळलेल्या आहेत. तीच त्या गद्याची गोडी आहे. पण यातलं कोणतं निरीक्षण, कोणती दंतकथा, हे कुणी तरी नीट लावून दिलं नाही, तर उद्याचा विद्यार्थी एक तर सगळं खरं मानेल किंवा सगळंच बाजूला सारेल. पक्ष्यांच्या वसाहतींसाठी काकागार, सारंगागार असे शब्द त्यांनी रुळवले. ‘पक्षीकोशा’ची सुधारित आवृत्ती हे त्यांचं खरं स्मारक ठरेल, आणि त्याला जागाही लागत नाही.

या सगळ्यावर पहिला आक्षेप ठरलेला: मेल्यावर वैर नाही, गेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, त्याच्याबद्दल चांगलंच बोलावं. घरच्यांचं दुःख ओलं असताना हिशेब मांडणं असंस्कृतपणाचं आहे, हे मला मान्य आहे. चिता जळत असताना कुणी अपयशांची यादी वाचू नये. पण हा संकेत दहा-तेरा दिवसांचा आहे. तो आपण दहा-वीस वर्षं लांबवतो. शिवराज पाटील चाकूरकर १२ डिसेंबरला लातुरात गेले. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर केंद्रीय गृहमंत्रिपदाचा राजीनामा दिलेला नेता, एवढीच त्यांची ओळख ठेवणं अन्यायाचं, आणि ती ओळख गाळून ‘सुसंस्कृत, अभ्यासू राजकारणी’ एवढंच म्हणणंही तितकंच खोटं. ते लोकसभेचे अध्यक्ष असताना १९९३मध्ये खात्यांशी संलग्न संसदीय स्थायी समित्या सुरू झाल्या. अर्थसंकल्पातल्या मागण्या आणि विधेयकं सभागृहातल्या गोंधळाबाहेर तपासली जाण्याची जी थोडीफार सोय आज आहे ती त्यातूनच आली. आता विधेयकं या समित्यांकडे न पाठवताच मंजूर होण्याचं प्रमाण वाढलं आहे. म्हणजे त्यांच्या अपयशाची आठवण ठेवणारा देश त्यांचं यश मात्र विसरत चालला आहे. दोन्ही बाजू लिहिल्याखेरीज हे दिसणार नाही. वैर धरणं आणि मूल्यमापन करणं यात फरक करता येत नाही असं मानलं, तर टिळकांनी रानड्यांवर लिहिलंच नसतं.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. वाचकाला ओळखीचे चेहरे हवे असतात; वृत्तपत्राचं पान म्हणजे विद्यापीठाचा प्रबंध नाही. बरोबर. मात्र ओळख ही आभाळातून पडत नाही, पानांवर कुणाला किती जागा मिळाली यातूनच ती घडते. पडद्यावर दिसलेल्या माणसाची निवड आपोआप होते; ज्याने पडद्यामागची यंत्रणा उभी केली त्याला शोधावं लागतं. एकनाथ वसंत चिटणीस हे कोल्हापूरचे. जुलैत त्यांनी वयाची शंभर वर्षं पूर्ण केली आणि २२ ऑक्टोबरला, ऐन पाडव्याला, पुण्यात ते गेले. विक्रम साराभाईंचे ते सुरुवातीपासूनचे सहकारी. थुंबा इथल्या अग्निबाण प्रक्षेपण केंद्राची जागा निवडणाऱ्यांत ते होते. १९७५-७६मध्ये उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या चोवीसशे खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवण्याचा जो ‘साइट’ प्रयोग झाला, त्याची धुरा त्यांच्याकडे होती. बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ किंवा दया डोंगरे यांच्या भूमिका ज्या माध्यमाने घरात आणल्या, ते माध्यम खेड्यात नेण्याची भारतातली पहिली मोठी खटपट या माणसाने केली. चिटणीस गेले त्या आठवड्यात असरानी, जाहिरात क्षेत्रातले पीयूष पांडे आणि सतीश शहा हेही गेले, आणि दिवाळीही होती. कुणाला किती जागा मिळणार ते तिथेच ठरलं. ज्या दिवशी नारळीकर गेले त्याच दिवशी अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष एम. आर. श्रीनिवासनही गेले, मराठी वाचकाला ते नाव आजही परकं वाटलं तर नवल नाही. तारखेचा असा फटका डिसेंबरात जाणाऱ्यांना सर्वांत जास्त बसतो. २०२४च्या २३ डिसेंबरला श्याम बेनेगल गेले, २६ला डॉ. मनमोहन सिंग. वर्षअखेरीची पुरवणी तोवर छापखान्यात असते, आणि पुढच्या वर्षीच्या यादीत ते ‘गेल्या वर्षीचे’ ठरतात. बेनेगल किंवा मनमोहन सिंगांना त्याने काही फरक पडत नाही. एखाद्या कमी प्रसिद्ध संशोधकाला, कार्यकर्त्याला पडतो.

आणि मग ज्यांना चौकट कधीच मिळणार नाही ते. २०२५ हे सामूहिक मृत्यूंचंही वर्ष होतं. २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यांतली सहा महाराष्ट्रातली. १२ जूनला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं. विमानातल्या २४२पैकी २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. या मृत्यूंची आठवण राहील, कारण त्यांना एक दिवस आहे आणि एक जागा आहे. अर्थात तिथेही आठवण म्हणजे नुसतं हळहळणं नव्हे. महिन्याभराने आलेल्या प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांच्या इंधनाचे स्विच बंद झाल्याची नोंद निघाली आणि मृत वैमानिकाकडे बोटं वळली. पवईच्या त्या कप्तानाच्या वृद्ध वडिलांना मुलाचं नाव राखण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. चौकशी पुरी होण्याआधी मेलेल्याच्या माथी दोष मारणं आणि चौकशी न करता त्याला देव्हाऱ्यात बसवणं, या दोन्हींत एक गोष्ट समान आहे. काय घडलं ते जाणून घेण्याचा कंटाळा.

ज्या मृत्यूंना दिवसही नाही आणि जागाही नाही, त्यांचं काय? जानेवारी ते मार्च २०२५ या तीन महिन्यांत महाराष्ट्रात ७६७ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या, असं सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. त्यांपैकी २०० प्रकरणं मदतीसाठी अपात्र ठरली आणि १९४ चौकशीत होती. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर वर्षाला अडीच हजारांच्या आसपास माणसं मरतात; रूळ ओलांडताना, दारातून पडून, खांबाला आदळून. ९ जूनला मुंब्र्याजवळ एका वळणावर दोन गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले तेव्हा काही दिवस चर्चा झाली, कारण ते एकाच वेळी पडले. एकेकटे पडणारे त्या आधीही होते, नंतरही आहेत.

यावर म्हटलं जाईल की अडीच हजारांवर लेख लिहिता येत नाहीत, आणि नामवंतांच्या स्मरणाचा या आकड्यांशी संबंध काय? सगळ्यांवर लिहिता येत नाही हे खरं, पण अगदीच काही करता येत नाही असंही नाही. न्यू यॉर्कच्या एका वृत्तपत्राने ११ सप्टेंबर २००१नंतर मृतांची छोटी शब्दचित्रं महिनोन् महिने छापली, आणि मे २०२०मध्ये करोनाने गेलेल्या एक हजार जणांची नावं, प्रत्येकी एका ओळीसह, आख्ख्या पहिल्या पानावर दिली. आपल्याकडेही जिल्हा आवृत्त्यांचं निधनवार्तेचं सदर रोज छापलं जातं. नाव, वय, मागे कोण कोण, अंत्यसंस्कार कुठे. मृत्यूचं कारण मात्र त्यात सहसा नसतं. ते दिलं, आणि वर्षअखेरीला जिल्ह्यापुरती बेरीज केली, तर फार मोठ्या संशोधनाची गरज पडणार नाही. संबंधाचं म्हणाल, तर तो सरळ आहे. एखाद्या माणसाला आपण मानतो ते त्याच्या कामामुळे, आणि ते काम पुष्कळदा अशाच अनाम मरणांच्या विरोधात केलेलं असतं. आढावांचा माथाडी कायदा हा ओझ्याखाली पिचून लवकर मरणाऱ्या माणसांसाठी होता. त्यांच्यावरचा लेख आणि हमालांच्या, शेतकऱ्यांच्या, लोकलमधून पडणाऱ्यांच्या मरणाचा आकडा एकाच अंकात, समोरासमोरच्या पानांवर यायला हवा.

मदतीच्या रकमांतूनही राज्याचं स्मरण कसं चालतं ते कळतं. पहलगामच्या सहा कुटुंबांना महाराष्ट्र सरकारने प्रत्येकी ५० लाख रुपये देण्याचं ठरवलं, आणि ते योग्यच झालं. त्या घरांवर जे कोसळलं त्याला किंमत लावता येत नाही. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला, ते पात्र ठरलं तर, मिळतो एक लाख. ही रक्कम गेली जवळपास दोन दशकं तेवढीच आहे. ज्यांच्या फायली २०२५च्या मार्चअखेर चौकशीत होत्या, त्या १९४ कुटुंबांपैकी किती पात्र ठरली, हे एखाद्या जिल्हा प्रतिनिधीला तहसील कचेरीत विचारून लिहिता येईल.